डोक्यावरचा पदर आणि दुसरा नंबर

लग्नाच्या मांडवात कुणी मोठं माणूस शिरतं आणि समोरची एखादी सून पटकन डोक्यावर पदर घेते. त्या क्षणी माझे दोन्ही हात सैल पडतात. हातात ताट असलं तर ते कलतं, एकदा तर जिलेबीचा पाक माझ्या पैठणीवर सांडला. माझ्या सुनेला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. वय झालंच आहे, ते मी कुठे नाकारते? पण हात सैल पडतात ते वयामुळे नाही. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे, आणि आमच्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला की चेंडू मारायचा नाही, नुसता टेकवायचा, अशी आमची खूण होती. मेंदू विसरला तरी मनगटं विसरायला तयार नाहीत.

हे राहुरीतलं, बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचं. तोवर आमच्याकडे मुलींनी खेळायचं म्हणजे खोखो, लंगडी, फार तर लगोरी. आमच्या खेळाच्या बाई सुट्टीत कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एसटीच्या टपावरून एक पोतं उतरवून घेतलं. त्यात दोन बॅटी, काही चेंडू आणि चेंडू झेलायला हातात घालायचे थोडे चामड्याचे पंजे होते. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा चांगलाच मोठा आणि बॅट मुसळासारखी गोल. हेडमास्तरांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि विचारलं, "बाई, याने काय कांडायचं?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नगरच्या मुलींना." मी तिथेच त्यांच्यावर फिदा झाले.

बाई पांढरी सुती साडी नेसायच्या, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांचं सासर घोडेगावच्या बाजूचं. मोठी बागायती, दावणीला बैल, आणि सासऱ्यांना बैलांचं फार वेड. यजमानांची नोकरी राहुरीत म्हणून दोघं इथे बिऱ्हाड करून राहत होते. बाई शाळेत शिकवतात हे सासऱ्यांना ठाऊक होतं. काय शिकवतात, ते मात्र उशिरा कळलं.

खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मैदानावर चौकोनाचे चार कोपरे. एका कोपऱ्यावर उभं राहून आलेला चेंडू मारायचा आणि पळत सुटायचं. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा करत पुन्हा सुरुवातीच्या कोपऱ्यावर, म्हणजे घरी, पोचलं की एक धाव. एका दमात पोचता येत नसेल तर मधल्या कोपऱ्यावर थांबायचं आणि मागून येणारी चेंडू मारेल तशी पुढे सरकायचं. तिघी बाद झाल्या की डाव संपला. कोपऱ्यांच्या गाद्या आम्ही गोणपाटात भुसा भरून स्वतः शिवल्या होत्या. शाळेमागच्या काळ्या मातीत त्या मांडायच्या आणि खेळ झाला की उचलून वर्गात न्यायच्या, नाहीतर शेळ्या भुसा खायच्या.

आता त्या टेकवण्याबद्दल. आपली एक मुलगी पहिल्या कोपऱ्यावर उभी आहे. मागची येते, पण बॅट फिरवत नाही. ती बॅट आडवी पुढे धरते आणि चेंडू अलगद पायाशी पाडते. समोरच्या पळत येऊन तो उचलून तिला बाद करेपर्यंत पहिली दुसऱ्या कोपऱ्यावर पोचते. याला बंट म्हणतात. म्हणजे पुढची पुढे जावी म्हणून मागचीने स्वतः बाद व्हायचं. हे काम दुसऱ्या नंबरच्या मुलीचं. आणि दुसरा नंबर माझा.

बाईंनी खेळायला जायचा क्रम लावला तेव्हा शाळेत नाही, गावात गडबड झाली. पहिली एक काटकुळी मुलगी होती, बाईंच्याच गल्लीतली, वाऱ्यासारखी पळायची. चौथी साखर कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, दणकट, तिने मारलेला चेंडू शोधायला दोघी लागायच्या. नववी म्हणजे शेवटची, ती एका मोठ्या बागायतदाराची लेक. तिच्या आईला हे कळल्यावर ती तरातरा शाळेत आली. "आमच्या पोरीला येवढं खाली का बसवलं?" पंगतीत शेवटी वाढलं असावं तशी ती दुखावली होती. बाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "वहिनी, नववी झाली की लगेच पहिली येते. म्हणजे तुमची मुलगी पहिलीच्याही आधी खेळते." ती बाई समाधानाने परत गेली. मला मात्र असं काही गोड बोलून कुणी गुंडाळलं नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. मला मारायचा होता. चौथीसारखा, दणकून, कुंपणापर्यंत. दंडात जोर होता, रोज आडावर पाणी शेंदत होते, आणि डोक्यात राग तर जन्मापासून भरलेला. पण एकदा सहलीला गेलो असताना बाईंनी मला तव्यावर भाकरी टाकताना पाहिलं आणि माझं नशीब फिरलं. "हिची भाकरी दुमडत नाही," त्या म्हणाल्या, "हिचे हात मऊ आहेत. ही टेकवेल." दुसऱ्या दिवसापासून रोज टेकवणं. चेंडू आला की मनगटं सैल, बॅट किंचित मागे, चेंडू मेल्यासारखा खाली. मी करायचे, उत्तम करायचे आणि मनात धुमसत राहायचे. बाद होऊन परत आले की सगळ्या माझ्या पाठीवर थाप मारायच्या. बाद झाल्याबद्दल शाबासकी! असला खेळ कुठे पाहिलाय का? एकदा मी बाईंना सरळ विचारलं, "मी मारायचं कधी?" त्या म्हणाल्या, "मी सांगेन तेव्हा."

खूण ठरली तीही बाईंच्या सासरवरून. त्यांनी आम्हाला सांगितलं, "आमच्या घोडेगावच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंडाने वरवर भलतंच बोलत असतात, 'बैल म्हातारा आहे', 'शिंग वाकडं आहे' वगैरे. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. आपणही तसंच करायचं. मी डोक्यावर पदर घेतला की टेकवायचा. पदर कमरेला असला की मारायचा. तोंडाने मी काय वाटेल ते ओरडेन, ते समोरच्यांना फसवायला. माझ्या तोंडाचं ऐकायचं नाही, पदराचं ऐकायचं." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू स्वतःची अक्कल चालवायची नाहीस. अक्कल माझी, पाय तुमचे."

ही खूण फारच छान होती. बाई मैदानावर एरवी कधीच डोक्यावर पदर घेत नसत. उन्हासाठी घेतला असेल, असंच कुणालाही वाटायचं. आम्ही तालुक्यातले सगळे सामने या पदरावर जिंकलो.

मग नगरच्या मुलींबरोबर शेवटचा सामना ठरला, आमच्याच मैदानावर. जिंकणारा संघ पुण्याला जाणार होता, म्हणजे मुक्कामाला, बाईंच्या सोबतीने. आणि इथेच घोडं अडलं. सासऱ्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की तुमची सून शिट्टी फुंकत मैदानावर पळते आणि आता पुण्याला निघालीय. निरोप आला, तो भिंतीपलीकडे राहणाऱ्या आमच्या पहिलीने स्वतःच्या कानांनी ऐकला. सासरे म्हणाले होते, मी स्वतः येऊन बघणार, आणि ते मला बरं दिसलं नाही तर हे शिकवणं बंद. बाईंचे यजमान भले गृहस्थ होते, पण वडिलांपुढे शब्द काढणाऱ्यांतले नव्हते. पहिलीने आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही गाद्या शिवत बसलो होतो. बाई गेल्या तर पोतं पुन्हा अडगळीत जाणार आणि आम्ही पुन्हा लंगडीवर, हे सगळ्यांना कळलं होतं. चौथी, ती दणकट, मुसमुसून रडली.

बाईंनी आम्हाला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सराव मात्र दुप्पट केला.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती निम्मं गाव उभं होतं. नगरच्या मुलींचे एकसारखे कपडे, पायात एकसारखे बूट, आणि आमच्या निळ्या स्कर्टांच्या तऱ्हा नऊ. पण आम्ही टिकलो. शेवटचा डाव आमचा आला तेव्हा आम्ही एका धावेने मागे होतो. आमची आठवी खेळायला निघाली आणि तिच्या बुटाची नाडी तुटली. बाईंनी पंचांकडे वेळ मागून खेळ थांबवला. पंच कडक माणूस. "एका डावात एकदाच थांबता येईल," त्यांनी बजावलं. "ही तुमची वेळ संपली."

आणि त्याच वेळी फाटकातून बाईंचे यजमान आत आले. त्यांच्याबरोबर धोतर, पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं असे एक उंच म्हातारे गृहस्थ. यजमानांनी लिंबाखाली खुर्ची ठेवली. बाईंनी त्यांना पाहिलं आणि कुठल्याही सुनेने जे केलं असतं तेच केलं. कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावर घेतला.

आम्ही कुणीच म्हाताऱ्यांकडे पाहिलं नाही. फेटेवाले तर मैदानाभोवती ढीगभर होते. आम्ही, शिकवल्याप्रमाणे, पदराकडे पाहिलं.

आठवीने टेकवला. चेंडू वर उडाला आणि सरळ समोरच्या मुलीच्या हातात गेला. एक बाद. बाई ओरडल्या, "अगं, मार! मारायचा!" आम्ही एकमेकींकडे बघून गालात हसलो. काय छान फसवतायत बाई! नववीनेही टेकवला. नगरच्या मुलीचा हात काळ्या मातीवर घसरला म्हणून ती पहिल्या कोपऱ्यावर पोचली. बागायतदारीणबाईंनी टाळ्या पिटल्या. बाई आणखी जोरात ओरडल्या, "मारा गं, मारा!" त्या जितक्या ओरडायच्या तितकी आमची खात्री पटायची. पहिली गेली, तिनेही टेकवला. नववी दुसऱ्या कोपऱ्यावर सरकली, पण पहिली स्वतः बाद झाली. दोघी बाद. आणि बॅट माझ्या हातात.

तिथे उभी राहिल्यावर मला नियम आठवला. दोघी बाद असताना टेकवायचं नसतं, कारण टेकवणारी बाद झाली की खेळच संपतो. हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? बाईंनीच. मी पदराकडे पाहिलं. डोक्यावरच होता. नगरच्या मुली माझ्या इतक्या जवळ येऊन वाकून उभ्या होत्या की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्यांनाही आता कळलं होतं की या सगळ्या टेकवतायत. त्यांच्यामागे सगळं मैदान मोकळं, कुंपणापर्यंत. ज्याची मी वर्षभर वाट पाहत होते ते मैदान. आणि डोक्यावर पदर. अक्कल माझी, पाय तुमचे. मी दात ओठ खाऊन बॅट आडवी केली. चेंडू रेषेबाहेर गेला. पुन्हा एकदा तसंच, पुन्हा बाहेर. पंच म्हणाले, आता टेकवताना बाहेर गेला तर बाद.

तेव्हा कुठे माझी नजर लिंबाखाली गेली. बाईंचे यजमान उभे होते, आणि त्यांच्याशेजारी खुर्चीवर तो फेटा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही खूण नाही. हे सासरे आहेत! पण मला कळून काय उपयोग? मी मारला आणि झेल गेला तर? बाईंनी खरंच टेकवायला सांगितलं असलं तर? मी बाईंकडे पाहिलं. बहुतेक माझा चेहरा फार वाकडा झाला असावा. त्या मला काहीतरी ओरडणार होत्या. वैतागून त्यांनी कपाळावर हात मारला, आणि तो हात पदराला लागला.

त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. आधी त्या पांढऱ्या पडल्या. मग त्यांनी पंचांकडे पाहिलं, पण थांबण्याची वेळ नाडीपायी संपलेली. माझ्याजवळ येता येणार नव्हतं. तोंडाने सांगून उपयोग नव्हता, कारण तोंडाचं ऐकायचं नाही हे त्यांनीच आमच्या हाडीमासी भिनवलं होतं. मला सांगण्याची एकच वाट उरली होती. आणि ती सासऱ्यांच्या डोळ्यांसमोरून जात होती, ज्यांनी आज बरं दिसलं नाही तर सगळं बंद म्हणून बजावलं होतं.

मी मनात म्हणत होते, नका बाई, नका. सामना गेला तरी चालेल.

बाईंनी एकदा लिंबाकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला, पुढे ओढला आणि सगळ्या गावासमोर कमरेला खोचला.

बायकांच्या घोळक्यात कुजबूज झाली. कुणीतरी "अगं बाई" म्हटलेलं मला ऐकू आलं. माझे डोळे भरून आले आणि त्याचवेळी असा काही संताप आला, कुणावर ते आजही सांगता येणार नाही. सासऱ्यांवर, नाडीवर, सगळ्यांवर. चेंडू आला. मी मनगटं घट्ट आवळली आणि फिरवली.

चेंडू वाकून उभ्या असलेल्या मुलींच्या डोक्यांवरून गेला आणि मागच्या मोकळ्या मैदानात पडून घायपाताच्या कुंपणाकडे घरंगळत राहिला. नववी घरी पोचली, बरोबरी झाली. मी पहिला कोपरा ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्यावर आमच्या मुली "थांब, थांब" ओरडत होत्या. थांबते कशाला! वर्षभर थांबलेच होते की. मी तशीच घराकडे सुटले आणि घर दोन हातांवर असताना बाद झाले. दोन्ही गुडघे सोलून निघाले.

बरोबरी असल्यामुळे आणखी एक डाव खेळायचा होता. मी लंगडत लिंबाखालच्या माठाशी गेले आणि गुडघ्यांवर पाणी ओतायला लागले. बाई तिकडेच आल्या. सासऱ्यांपुढे त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात कमरेच्या पदराकडे गेला, पुन्हा डोक्यावर घ्यायला. यजमान दुसरीकडेच बघत होते.

म्हातारे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सूनबाई."

बाईंचा हात तसाच थांबला.

"खेळ हुईस्तवर आसू द्या कमरंलाच. पोरी पुन्यांदा फसतील." मग ते यजमानांकडे वळले. "तोंडानं मार मार म्हनत्यात आन् पोरी तर टेकवत्यात. म्हनलं, ह्यात कायतरी मेख हाय. मंग बघितलं, समद्या पोरी पदराकडं बघत्यात. आरं, ही तर आपल्या बाजाराची तऱ्हा! उपरन्याखालचा सौदा!" आणि खांद्यावरच्या उपरण्यावर हात ठेवून ते असे काही हसले की फेटा हलला.

बाईंना हसू आलं की रडू, ते मला कळलं नाही, कारण त्या झटकन वळल्या आणि शिट्टी फुंकत मैदानाकडे पळाल्या. सासऱ्यांसमोर, चांगल्या जोरात पळाल्या.

आम्ही हरलो. पुढच्या डावात नगरच्या मुलींनी एक धाव जास्त काढली. आम्ही बाकावर गळा काढून रडत होतो आणि बाई आम्हाला दटावत होत्या. तेवढ्यात म्हातारे उठून आमच्याजवळ आले. आता खेळ संपला होता. बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि निकाल ऐकायला उभ्या राहिल्या. आमचं रडणं एकदम बंद झालं.

"म्हंजे पुन्याला जायाचं न्हाई आता?"

"नाही मामा. हरलो."

"मंग फुडल्या साली जावा," ते म्हणाले. "मी येतो बघाया. पर म्या त्या लिंबाच्या मागं बसनार. म्हंजे तुमास्नी पदराची कटकट न्हाई." आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "आन् येवढं लांब मारनारी पोर दुसऱ्या लंबरावर का हो कुजवत ठिवली?"

बाई म्हणाल्या, "मामा, तिचे हात मऊ आहेत." मला तेव्हा पहिल्यांदा त्या शब्दांचा राग आला नाही.

पुढल्या साली दुष्काळ पडला. मैदानावर चाराछावणी उभी राहिली आणि सामने झालेच नाहीत. त्याच्या पुढल्या साली मी अकरावी होऊन शाळेबाहेर पडले होते, म्हणून बघणाऱ्यांत उभी राहून सामना पाहिला. दुसऱ्या नंबरावर कुणीतरी नवी मुलगी होती, जरा घाईची. बाई रेषेशी उभ्या होत्या, पदर कमरेला. मी लिंबाकडे पाहिलं. खोडामागे खुर्ची होती, आणि बाजूने एक पांढरा फेटा सारखा बाहेर डोकावत होता.